मैदानाची मेढ

समुद्रापलीकडच्या काही देशांत अशी विशाल क्रीडांगणे आहेत, की ज्यांच्या एकाच हिरवळीवर आज रग्बीचा सामना होतो आणि उद्या फुटबॉलचा. एका दिवशी लंबगोल चेंडूसाठी कंठ सुकवणारी सहस्रावधी माणसे दुसऱ्या दिवशी त्याच आसनांवर बसून वाटोळ्या चेंडूसाठी कंठ सुकवतात. मधल्या वेळात रग्बीचे उंच खांब उपसले जातात, त्यांच्या जागी फुटबॉलच्या जाळ्या येतात, जुन्या रेघा पुसून नव्या आखल्या जातात. भूमी तेवढी तीच राहते. कोणत्या खेळाने आपल्याला अधिक तुडवले, याचा विचार ती करीत नसावी.

तसे एक क्रीडांगण जालना जिल्ह्यात राजूरच्या पुढे, आडवळणाच्या धामणवाडीतही आहे. मोठ्या रस्त्याच्या भरावासाठी तिथल्या मच्छिंद्ररावांच्या माळावरून काही वर्षांपूर्वी मुरूम उचलला गेला आणि मागे सपाट तळाचा, प्रचंड लांबीरुंदीचा एक चौकोन राहिला. गावकऱ्यांनी त्याच्या चारी उतारांवर पायऱ्या कोरल्या, तळावर काळी माती पसरली, तीत हरळी लावली. आसपासची चार गावे त्या पायऱ्यांवर बसली तरी उरलेल्या जागेत शेळ्या चरू शकतात. गावात त्याला स्टेडियम म्हणतात. त्याला खड्डा म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा विचारला जात नाही.

मच्छिंद्रराव पूर्वी सैन्यात होते. तिथे त्यांना फुटबॉलची गोडी लागली आणि निवृत्तीनंतर ती गोडी त्यांनी गावाला लावली. त्यांची कन्या अर्पिता मात्र शिक्षणासाठी जालन्याला गेली आणि रग्बी शिकून आली. हा खेळ प्रथम पाहिला तेव्हा मच्छिंद्रराव एवढेच म्हणाले, की चेंडू काखेत मारून पळणे याला त्यांच्या पलटणीत खेळ म्हणत नसत, चोरी म्हणत. तरीही मुलीने गावातल्या मुली जमवून संघ उभा केला, तेव्हा त्यांनी माळ दिला, खर्चाला हात आखडला नाही आणि सराव चालू असताना पाठ फिरवून का होईना, पण पायरीवर बसू लागले.

त्या वर्षी माघ महिन्यातल्या एका रविवारी या क्रीडांगणावर दोन्ही खेळ एकाच दिवशी व्हायचे होते. सकाळी धामणवाडी आणि राजूर यांच्यात फुटबॉलचा अंतिम सामना, आणि दुपारी धामणवाडीच्या मुलींचा जालन्याच्या मुलींशी रग्बीचा. दुसरा सामना अर्पितासाठी सर्वस्व होता. अठरा वर्षांखालील मुलींच्या राज्य संघाचे सराव शिबिर पुण्याला भरायचे होते आणि त्यासाठी मुली निवडणाऱ्या प्रशिक्षिका, कल्याणी मॅडम, हा सामना पाहायला येणार होत्या. त्यांनी दूरध्वनीवर स्पष्ट सांगितले होते, की जालन्याच्या संघाची कर्णधार राजनंदिनी हिची निवड आधीच झालेली आहे. तिच्यासमोर तू कशी उभी राहतेस, एवढेच मी पाहीन. पावसाळ्यात अर्पिताला अठरा वर्षे पूर्ण होत होती. पुढच्या वर्षी हा प्रश्नच उरणार नव्हता.

मॅडमची एकच अट होती: खांब नियमाप्रमाणे हवेत. ते काम अवधूतने अंगावर घेतले. अवधूत हा गावचे वृद्ध पुरोहित वामनशास्त्री यांचा नातू. जालन्यात तो अभियंता आहे आणि परदेशातल्या क्रीडांगणांची चित्रे तो इतक्या भक्तीने पाहतो, की आजोबांनी एकदा त्याला विचारले होते, यांची प्रदक्षिणाही घालतात काय. त्याने मैदानाच्या दोन्ही टोकांना जमिनीत लोखंडी नळकांडी पक्की बसवली होती. रग्बीचे खांब त्यांत उभे करायचे, काम झाले की उपसायचे आणि बाजूच्या नळकांड्यांत फुटबॉलची चौकट रोवायची, अशी योजना होती. शनिवारी सायंकाळी, खांब सरळ उभे राहतात की नाही हे पाहण्यासाठी, त्याने ते एकदा उभे केले. दोन मजली घराहून उंच असे दोन लोखंडी खांब, मध्ये आडवी दांडी. दोन्ही टोकांना तीच रचना. समाधानाने तो चहा प्यायला गेला.

नेमक्या त्या वेळी अर्पिताची आत्या, दुर्गाबाई, चार बायकांसह देवळातून परतत होत्या. दुर्गाबाई मच्छिंद्ररावांच्या थोरल्या भगिनी. त्यांचे सासर-माहेर एकाच गावात असल्यामुळे दोन्ही घरांवर त्यांची सत्ता चालते. त्यांनी मैदानात ते नवे कोरे खांब पाहिले. उद्या एवढे मोठे कार्य, चार गावांचे पाहुणे येणार, आणि मांडवाचा पहिला खांब कोणी तसाच, कोरडाच रोवून ठेवला आहे, हे पाहून त्यांच्या जिवाला लागले. लग्नाघरी अशी पहिली मेढ पाच सुवासिनींच्या हातून पुजूनच उभी राहते. त्या पाच जणी होत्याच. हळद, कुंकू, सुपारी घरून आली. खांबांच्या बुडाशी दूध घातले गेले, पिवळ्या वस्त्रात सुपारी बांधून ती खांबाला कसली गेली, आडव्या दांडीवर आंब्याचे तोरण चढले, आणि एका टोकाला केले म्हणून दुसऱ्या टोकाला रुसवा नको, या विचाराने दुसरीकडेही सर्व यथासांग झाले. अवधूत चहा पिऊन परत आला तेव्हा त्याच्या हातावर साखर ठेवण्यात आली. त्याने ती आनंदाने खाल्ली. तो अभियंता होता. त्याला काही उमगले नाही.

उमगले ते रविवारी सकाळी, मच्छिंद्ररावांना. खांब उपसायला ते चार गडी घेऊन आले आणि तोरण पाहून जागीच थांबले. पुजलेली मेढ कार्य पार पडल्याशिवाय हलवायची नसते. कार्य झाले, मांडव परतला, की मगच ती उचलायची. चारही गड्यांनी हात मागे घेतले. मच्छिंद्ररावांनी सैन्यात बर्फावर पहारे केले होते, पण त्या सुपारीला हात लावण्याचे धैर्य त्यांच्यातही नव्हते. आणि खांब तर फुटबॉलच्या गोलरेषेवर, अगदी गोलाच्या तोंडात उभे होते.

"अक्का, हे काय करून ठेवलं?" त्यांनी विचारले.

"मेढ पुजली. तू पुजणार होतास का?"

"अगं, हे रग्बीचे खांब हेत. आता उपटायचे होते. राजूरची पोरं येऊन राह्यली."

"मंग उपट की," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कुठं हात धरला तुझा?"

मच्छिंद्ररावांनी हात पुढे केला नाही. दुर्गाबाईंनी तो धरलाही नाही. पायऱ्यांवर लवकर येऊन जागा धरून बसलेल्या मंडळींना हे दृश्य फार आवडले. कोणीतरी सुचवले, की खांब मध्येच राहू द्यावेत, चेंडू त्यांना चुकवून मारावा. दुसऱ्याने विचारले, की खांबाला आपटून आत गेलेला गोल कोणाचा, मारणाऱ्याचा की देवाचा. मच्छिंद्ररावांचा चेहरा तांबडा होत गेला. शेवटी ते वळले आणि मुलीला म्हणाले, "माझी मेढ उपटायची छाती न्हाई, हे खरं हे. पण फुटबॉल न्हाई झाला तर रग्बी बी न्हाई. मैदान दोघांचं हे. एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घालणार न्हाई मी. तुझ्या मॅडमला फोन कर."

अर्पिताने दूरध्वनी हातात घेतला, पण लावला नाही. बापाचा शब्द तिला ठाऊक होता; तो एकदा सुटला की परत येत नसे. आणि त्यात अन्याय नव्हता, हे तिला अधिक बोचत होते. तिने अवधूतकडे पाहिले. अवधूत खांबांकडे पाहत होता आणि पुटपुटत होता, की परदेशात ही अडचण येत नाही. मग तिने त्याच्या मोटारसायकलची किल्ली त्याच्याच खिशातून काढली आणि त्याच्या आजोबांना आणायला गेली.

वामनशास्त्री आले. मोटारसायकलवर बसण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे उतरल्यावर त्यांनी प्रथम दोन्ही पाय जमिनीवर आहेत याची खात्री केली. मग चहा घेतला. मग चारही खांबांना एकेक नमस्कार केला. राजूरचा संघ एव्हाना येऊन पोहोचला होता व एका कडेला बसून हे सर्व आदराने पाहत होता. शास्त्रीबुवांनी दुर्गाबाईंना जवळ बोलावले आणि मेढ कोणत्या कार्यासाठी पुजली, असे विचारले.

"कोणत्या म्हंजे? मैदानाच्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

"केवळ अर्पिताच्या सामन्यासाठी नाही ना?"

"न्हाई. पोरीचा एकटीचा कशाला? सगळ्यांच्याच खेळाचा."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. पायऱ्यांवरची कुजबूज थांबली.

"म्हणजे दोन्ही खेळ होईपर्यंत मेढ हलणार नाही," ते म्हणाले, "आणि दोन्ही खेळ झाल्याविना कार्य पुरे होणार नाही. फुटबॉल व्हायलाच हवा, मच्छिंद्रराव."

"पण कसा व्हावा गुरुजी? खांब गोलात हेत."

"आपण मेढीला भीत आहात," शास्त्रीबुवा म्हणाले. "मेढ भिण्यासाठी नसते. पहिली मेढ रोवतात ती एवढ्यासाठी, की पुढचा सगळा मांडव तिला बांधता यावा. तिला बांधा की तुमचा गोल."

मग अवधूत असा उडाला, की जणू त्याच्या पायाखाली मुंग्यांचे वारूळ फुटले. गोलाची चौकट चार हात पुढे आणायची, तो सांगू लागला. नळकांडी तिथे नाहीत, मुरमात नवे खड्डे खणायला वेळ नाही, पण तिला मागे बांबूंचे टेकू देऊन ते रग्बीच्या खांबांना कसून बांधायचे. जाळी पुढच्या चौकटीवरून मागच्या खांबांवर ताणायची. गोलरेषा चार हात पुढे आखायची. परदेशातही पुष्कळ ठिकाणी जाळीमागे असेच उंच खांब असतात, असे तो म्हणत होता, पण ते ऐकायला कोणी थांबले नव्हते. धामणवाडीत गोल कसा बांधावा हे थोड्यांना ठाऊक होते; मांडव कसा बांधावा हे सर्वांना ठाऊक होते.

आणि मांडव बांधायचा म्हटल्यावर मग माणसे मांडवासारखीच वागू लागली. बांबू आले, सुतळ्या आल्या, शिड्या आल्या. कोणाच्या तरी घरून झालरीचे कापड आले व ते आडव्या दांडीला लागलेही. राजूरचे खेळाडू बसून पाहत होते, ते उठून गाठी मारू लागले. जिच्यात आपल्यावर गोल व्हायचे तीच चौकट आपण अधिक घट्ट बांधतो आहोत, हे त्यांच्यातल्या एकाच्या लक्षात आले, तेव्हा तो हसत खालीच बसला. ध्वनिक्षेपक राधेश्यामचा होता. राधेश्यामने आयुष्यात विवाहांखेरीज कोणत्याही समारंभात घोषणा केलेली नव्हती. त्याने वातावरण ओळखले, घसा साफ केला आणि वरपक्षाकडील मंडळींनी चहापानासाठी डाव्या बाजूस यावे, असे जाहीर केले. राजूरचा संघ निमूटपणे डाव्या बाजूस गेला.

फुटबॉलचा तो सामना धामणवाडी कधी विसरणार नाही, जरी त्यात खेळ कसा झाला हे कोणाला फारसे आठवत नाही. प्रारंभी पंचांना टॉवेल-टोपी आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार करण्यात आला. पंच संकोची होते. त्यांना टोपी काढवेना आणि नारळ ठेवावा कुठे हे कळेना, म्हणून पहिली काही मिनिटे ते एका हातात नारळ धरूनच धावले. दुर्गाबाईंच्या बायका गोलामागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या व त्यांनी अक्षता वाटून ठेवल्या होत्या. पहिला गोल राजूरने केला. चेंडू जाळीत शिरताच बायकांनी, पक्षपात न करता, गोलरक्षकावर अक्षता टाकल्या. आपल्यावर गोल झाल्याबद्दल आपले अभिनंदन का होते आहे, हे त्या बिचाऱ्याला कळले नाही. त्याने वाकून नमस्कार केला. तेवढ्यात राधेश्यामने सवयीने वधूच्या मामांना व्यासपीठाजवळ बोलावले. पायऱ्यांवरून खरोखरच कोणाचे तरी मामा उठले.

उत्तरार्धात धामणवाडीने बरोबरी केली, पण अखेरीस राजूर एका गोलाने जिंकले. पराभवाचे दुःख करायला गावात कोणाला सवड नव्हती. मच्छिंद्ररावांनी विजेत्यांना चषक दिला, पंचांच्या डोक्यावरची टोपी सारखी केली आणि त्या मांडवगोलाभोवती एक फेरी मारून प्रत्येक गाठ हाताने चाचपली. गोल तसूभरही हलला नव्हता. अर्पिता जवळच उभी होती. तिच्याकडे न पाहता ते म्हणाले, "बराबर बांधलाय." मग त्यांनी गड्यांना चौकट सोडायला सांगितली. गाठी सुटल्या, बांबू बाजूला झाले, आणि मेढी पुन्हा एकट्या, उंच उभ्या राहिल्या. रग्बीचे मैदान तयार होते.

जालन्याच्या मुलींची जीप याच सुमारास आली होती. कल्याणी मॅडम उतरताच मोजपट्टी घेऊन मैदानाकडे गेल्या. त्यांच्या मागे अवधूत धावला, कारण खांबांना तोरण का आहे याचे उत्तर देणे त्याच्याकडे आले होते. मुली मात्र दुर्गाबाईंच्या हाती सापडल्या. उन्हातून आलेल्या पाहुण्या मुली, त्याही मांडवाच्या दिवशी. त्यांच्या पायांवर पाणी घातले गेले, औक्षण झाले आणि काही बोलायच्या आत त्या पंगतीत बसल्या. राजनंदिनी ही ताडासारखी उंच, खांद्यांनी भक्कम मुलगी. मैदानात तिला दोघी मिळूनही पाडू शकत नसत. दुर्गाबाईंनी तिला एका हाताने खाली बसवले.

पानांवर वरण-बट्टी होती, तुपात निथळणारी. वांग्याची भाजी होती, बुंदी होती. सामन्यापूर्वी एवढे खायचे नसते, हे राजनंदिनीने दोनदा सांगून पाहिले. पहिल्या वेळी दुर्गाबाईंनी ते ऐकले नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारले, की आमच्या हातचे आवडले नाही का, आणि इतक्या खिन्न मुद्रेने विचारले, की राजनंदिनीने घाईघाईने आणखी एक बट्टी मागितली. कर्णधाराने मागितली म्हटल्यावर इतरांचा नाइलाज झाला. प्रत्येक पानाशी एक बाई आग्रहाला उभी होती. या परीक्षेची तयारी मुलींकडून कोणत्याही प्रशिक्षकाने करून घेतलेली नव्हती.

अर्पिता आणि तिच्या सहा जणी पंगतीभोवतीच्या कनातीपलीकडे, एकेक केळे खाऊन, पाय मोकळे करीत होत्या. रूपाली ही तिच्या संघातली सर्वांत वेगवान धावणारी मुलगी बातमी घेऊन आली. तिला हसू आवरत नव्हते. जालन्याच्या पोरी आडव्या व्हायच्या बेतात आहेत, ती म्हणाली, राजनंदिनीला तर उठवायला हात द्यावा लागला. आता सामना आपलाच.

सगळ्या हसल्या. अर्पिताही हसली, आणि मग हळूहळू तिचे हसू विरले. तिने कनातीच्या फटीतून पाहिले. राजनंदिनी कनातीच्या बांबूला टेकून, डोळे मिटून उभी होती.

"हिच्यासमोर मी कशी उभी राह्यते ते मॅडम पाहणार होत्या," अर्पिता म्हणाली. "हिलाच उभं राह्यता येईना. मंग काय पाहतील?"

"तू जिंकलीस ते पाहतील," रूपाली म्हणाली.

"कुणाला हरवून? आत्याच्या बट्टीला?"

मॅडमना सांगावे तर सामना पुढे ढकलला जाईल, आणि त्या संध्याकाळीच परतणार होत्या. दुसरा दिवस त्यांच्याजवळ नव्हता. न सांगावे तर आपण खरोखर किती आहोत हे मॅडमना कळणार नाही, आणि आपल्यालाही नाही. अर्पिताने पायातले बूट काढले, कनात बाजूला केली आणि पंगतीत जाऊन बसली.

"आत्या, वाढ," ती म्हणाली.

दुर्गाबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिले. गेले वर्षभर ही मुलगी त्यांच्या घरी फक्त मोड आलेले मूग मागत होती. "किती वाढू?"

"राजनंदिनीला जितक्या वाढल्या तितक्याच. आन् तूप बी तेवढंच."

दुर्गाबाईंचा आनंद पाहण्यासारखा होता. अर्पिताच्या मागोमाग एकेक करून तिच्या सगळ्या जणी येऊन बसल्या. रूपाली सर्वांत शेवटी आली. तिने पहिला घास घेतला तो अर्पिताकडे रागाने पाहत. तिसऱ्या घासाला मात्र तिने वांग्याची भाजी आणखी मागितली. समोर उभ्या असलेल्या राजनंदिनीच्या हळूहळू लक्षात आले, की येथे काय चालले आहे. तिने तुपाचे भांडे उचलले आणि अर्पिताच्या पानावर स्वतः, सढळ हाताने, धार धरली.

सामना सुरू झाला. रग्बीच्या या छोट्या प्रकारात प्रत्येक संघात सात जणी असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात, कारण एवढ्या वेगाने त्याहून अधिक कोणी धावू शकत नाही. कल्याणी मॅडम काठावर उभ्या राहिल्या आणि थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर आठी पडली. असा सामना त्यांनी पाहिलेला नव्हता. मुली धावत होत्या, पण वरातीच्या गतीने. चेंडू नियमाप्रमाणे मागेच फेकला जात होता, पण जिच्याकडे तो यायचा ती तो घेण्याआधी एक दीर्घ श्वास घेत असे. एकीने दुसरीला कमरेत धरून पाडले की दोघी खाली तशाच पडून राहत, आणि त्यांना उठवायला जी येई तीही, मोहाला बळी पडून, शेजारी बसे. राधेश्याम आता पूर्ण रंगात आला होता. मंडळींनी घाई करू नये, तो सांगत होता, मुहूर्ताला अजून अवकाश आहे. पायऱ्यांवर माणसे एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. राजूरचे फुटबॉलपटू गेले नव्हते. ते रग्बी प्रथमच पाहत होते आणि हा विश्रांतीचा खेळ त्यांना फार पसंत पडला.

पण राजनंदिनी राजनंदिनी होती. पहिल्या डावाच्या शेवटी तिने चेंडू काखेत घेतला आणि, जणू मोठा रांजण उतारावरून सुटावा तशी, चालता चालता वेग घेत गेली. रूपालीला तिने अंगावरून झटकले, आणखी दोघींना झटकले आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला. जालन्याचे पाच गुण झाले. खांबांमधून मारायची लाथ हुकली.

दुसऱ्या डावात बराच वेळ गुण झाले नाहीत. राजनंदिनी पुन्हा दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा अर्पिताने तिला गाठले. एकदा पायांना मिठी मारून, एकदा सरळ छाती भिडवून. दुसऱ्या वेळी जो आवाज झाला तो वरच्या पायरीपर्यंत ऐकू आला आणि हसू थोडे थांबले. पाठ फिरवून बसलेले मच्छिंद्रराव वळले. त्यानंतर ते पुन्हा पाठ फिरवू शकले नाहीत.

शेवटचे मिनिट चालू होते. चेंडू रूपालीच्या हातून निसटून अर्पिताकडे आला. तिच्यापुढे मोकळे मैदान होते आणि मागे राजनंदिनी. अर्पिताने पोटावर एक हात दाबला आणि धावली. हे खरे धावणे होते. त्यात बट्टी होती, तूप होते, वर्षभराचा पहाटेचा सराव होता. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज जवळ आला. राजनंदिनीची बोटे तिच्या सदऱ्याला लागली, सुटली, पुन्हा लागली, आणि दोघी एकत्रच कोसळल्या. पण कोसळताना अर्पिताचा हात रेषेपलीकडे होता आणि हाताखाली चेंडू होता. पाच-पाच.

आता लाथ उरली. चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने उंच उडवून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून घालवायचा. तो गेला तर सामना धामणवाडीचा. हजारो माणसे गप्प झाली. राधेश्यामदेखील गप्प झाला. अर्पिताने खांबांकडे पाहिले, चेंडू सोडला, पाय उचलला, आणि ऐन त्या क्षणी तिला तूपभरली, प्रचंड उचकी लागली. चेंडू खांबांना बाजूला टाकून पायऱ्यांवर गेला व थेट वामनशास्त्र्यांच्या मांडीवर विसावला. शास्त्रीबुवांनी तो दोन्ही हातांनी धरला, इकडेतिकडे पाहिले आणि प्रसादासारखा कपाळाला लावला.

अर्पिता मधोमध उभी राहून हसू लागली. तिला रडायचे होते, पण उचकी रडू देत नव्हती. सामना बरोबरीत सुटला.

कल्याणी मॅडम मैदानात आल्या. त्या संतापलेल्या होत्या. सात मिनिटांच्या खेळात मुली लोळतात, हे काय आहे, त्यांनी विचारले. धामणवाडीच्या मुलींनी माना खाली घातल्या. बोलली ती राजनंदिनी. हरळीवर उताणीच पडून ती म्हणाली, "मॅडम, आम्ही जेवलो. आम्हाला जेवू घातलं. ते पाहून मग ही पण मुद्दाम जेवली. माझ्याएवढंच. मी मोजून वाढलंय."

मॅडम अर्पिताकडे वळल्या. त्यांनी तिला विचारले, "पोटात एवढं असताना शेवटची धाव घेतलीस?"

"हो मॅडम." उचकी. "लाथ मात्र चुकली."

"लाथ शिबिरात शिकवतो आम्ही," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी पुण्यात हजर राहायचं. आणि रिकाम्या पोटी ये. तू रिकाम्या पोटी कशी धावतेस, ते मला पाहायचं आहे."

पायऱ्यांवर हे ऐकू गेले नव्हते, पण रूपालीने अर्पिताला मिठी मारली आणि दोघी कण्हत वेगळ्या झाल्या, त्यावरून सर्वांना कळले. मग जो गजर झाला त्यात राधेश्यामची घोषणा बुडून गेली. ती बहुधा नवदांपत्याला शुभाशीर्वाद देण्याविषयी असावी. उरलेल्या सर्व अक्षता मैदानाच्या दिशेने उधळल्या गेल्या. मच्छिंद्रराव पायऱ्या उतरून आले. मुलीसमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी मोठे बोलायचे होते, हे त्यांच्या मिशांवरून दिसत होते. बोलले ते एवढेच, "जालन्याहून गाडी कितीची हे?"

उत्तराऐवजी अर्पिताला उचकीच आली. ती बसली आणि बसल्या बसल्या राजनंदिनीच्या शेजारी आडवी झाली. दोघी आकाशाकडे पाहत, पोटावर हात ठेवून, एकेक उचकीला हसत पडून राहिल्या. तेवढ्यात दुर्गाबाई पदर खोचत घाईने आल्या आणि त्यांच्यावर वाकून म्हणाल्या, की शुक्रवारच्या प्रवासाला बरोबर काय काय बांधून देऊ, ते आत्ताच सांगा, म्हणजे मला डाळ भिजवायला बरे.

दोघी मुलींनी, पडल्या पडल्याच, त्यांना एकदम हात जोडले.